फुकटचं कपाट

बुधवार, ८ जानेवारी १९३६

आलं एकदाचं कपाट! देवळालीहून निघालेली बैलगाडी दुपारी गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि तिथेच अडकली. मग चार हमालांनी खांद्यावर घेऊन दारापर्यंत आणलं. दारात पुन्हा सगळे थांबले — दार लहान, कपाट मोठं! हे कपाटाकडे बघतात, हमाल ह्यांच्याकडे बघतात, अख्खी गल्ली आमच्याकडे बघते. शेवटी सुताराला बोलावलं आणि दाराची चौकटच काढली. ज्या दारात माप ओलांडून मी ह्या घरात आले त्या दाराला आज भगदाड. म्हटलं, बसवतील परत. दोन दिवसांचं तर काम.

पण कपाट देखणं आहे हं. शिसवी लाकूड, पुढे दोन मोठ्या काचा, आत चार फळ्या, पितळेची किल्ली. देवळालीच्या छावणीतल्या ज्या साहेबाचे कपडे हे सात वर्षं शिवत आले तो आता विलायतेला परत चालला. जाताना म्हणाला, टेलर, हे तुला. वर सोनेरी काठाचे बारा कप आणि बारा बशा. फुकट! आमच्या सात पिढ्यांत शिंप्याच्या घरी असली वस्तू आली नसेल.

ठेवायचं कुठे? बैठकीच्या खोलीत पुरेशी भिंत एकच — बाजूच्या बोळाकडची. तीत खिडकी. तिच्यापुढेच उभं केलं. खिडकी लावून घेतली आणि कपाट भिंतीला टेकवलं. खोलीत एकदम अंधारून आलं. हे म्हणाले, "सवय होईल."

त्या खिडकीसमोर जुलेखाची खिडकी. मधला बोळ कसला, मोरीचं पाणी जायला ठेवलेली फट ती. माणूस पाय ठेवत नाही तिथे, फक्त मांजरं आणि कोंबड्या. तिने तिकडून हात लांब केला आणि मी इकडून, की हाताला हात लागतो. अठरा वर्षं आम्हां दोघींचं बोलणं, देणंघेणं, रडणं — सगळं त्या खिडकीतून.

जुलेखा आणि तिचा नवरा बद्रुद्दीन सध्या मालेगावला, तिच्या माहेरी. आली की पहिलं सांगायला हवं, आता खिडकी बंद, दाराने ये.

शुक्रवार, १० जानेवारी

काचेचं कपाट रिकामं फार वाईट दिसतं. कप-बशांनी एकच फळी भरली. बाकीच्या तीन भकास. सासूबाईंनी आपली चांदीची अत्तरदाणी दिली. तिची कधी कोणाला आठवण नव्हती, आता ती काळी पडलेली दिसते म्हणून रोज पुसायची! जुलेखाची वाटीही आत ठेवली. निळ्या फुलांची चिनी मातीची वाटी, तिच्या आईने तिला लग्नात दिलेली. शोभते छान.

ईदेला त्या वाटीतून तिने शेवया, खारका, खोबरं पाठवलं होतं. शिजवलेलं आमच्याकडे चालत नाही हे तिला ठाऊक, म्हणून दर वर्षी कोरडं देते. मी करंज्या, तिळगूळ भरून परत करते. भांडं रिकामं परत करायचं नाही हा तर साऱ्या गल्लीचा रिवाज. पण आमची ही वाटी अशी की ती नेमकी कोणाची हेच कधी कधी विसरायला होतं. वर्षातून दहा वेळा तरी बोळ ओलांडत असेल.

ह्या संक्रांतीला तिळगूळ भरून देईन. तोवर राहू दे कपाटात.

जाताना जुलेखा बजावून गेली आहे, "सिंधूचा चुडा मीच भरणार. रंगसुद्धा मीच ठरवणार, तू मधे पडू नकोस. मालेगावहून नमुना आणते." मणियाराची बायको ती, नाशकातल्या निम्म्या नवऱ्या मुलींना तिने हिरवा चुडा भरला असेल. हात असा धरते की बांगडी कधी चढली ते कळत नाही. माझ्या सिंधूचं वैशाखात लग्न. सिंधू दोन वर्षांची असताना पहिली बांगडी तिच्या हातात जुलेखानेच घातली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गंगेवर गेले नाही. चौकट अजून बसवलेली नाही, सुतार आज येतो उद्या येतो करतोय. घर असं उघडं टाकून, आत कपाट ठेवून जायचं कसं? सासूबाई आणि सिंधू जाऊन आल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा चुकली माझी संक्रांतीची अंघोळ.

पूर्वी दिवसभर दार सताड उघडं असायचं. चोरायला होतं काय!

बुधवार, २२ जानेवारी

विलायतेचे बादशहा वारले. ह्यांच्या मशीनवर काळ्या पट्ट्यांचा ढीग. छावणीतल्या सगळ्या साहेबांना दंडावर बांधायला हव्यात म्हणे. आज सकाळपासून मशीन थांबलं नाही.

त्यातही दुपारी हे कोणा ओळखीच्या माणसाला घेऊन आले. कपाट दाखवायला! त्याला चहा. कपात. आमच्याकडे चहा कधी होत नव्हता, पण कप आहेत म्हटल्यावर चहा पाहिजेच. चहा म्हटला की तो माणूस चटईवर कसा बसणार? तो कप हातात धरून उभाच राहिला बिचारा. मग हे म्हणतात, दोन खुर्च्या बघायला हव्यात.

खुर्च्या आल्या की सासूबाईंचं अंथरूण मागच्या खोलीत जाणार. त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडायच्या आणि जुलेखाच्या कोंबड्यांवर ओरडायच्या. जुलेखा मुद्दाम कोंबड्या त्यांच्यासमोर सोडायची. दोघींची रोजची करमणूक होती ती.

सोमवार, २७ जानेवारी

जुलेखा मालेगावहून आली! दारातूनच हाक मारली, पण माझे हात राखेने भरलेले, अत्तरदाणी घासत होते. म्हणाली, दमून आलेय, उद्या येते. आईची तब्येत बरी नाही तिच्या. चेहरा उतरलाय.

खिडकीचं सांगायचं राहिलंच.

बुधवार, २९ जानेवारी

हळदीकुंकू झालं. रथसप्तमीच्या आत उरकायला हवं होतं, उरकलं. पण मन लागत नाही कशात. जे झालं ते इथे तरी सरळ लिहिते.

बायका वीस-बावीस आल्या. दर वर्षीसारखी जुलेखा बांगड्यांची टोपली घेऊन आली. बाहेर ओट्यावर उजेड चांगला म्हणून ती तिथेच बसली. एकीचा हात सुटला की दुसरीचा. बायका आत जाऊन कपाट बघून येत होत्या आणि ओट्यावर येऊन वाखाणत होत्या. जुलेखा म्हणाली, मलाही बघायचंय. मी म्हटलं, हातातलं होऊ दे, मग दाखवते.

दर वर्षी मी तिळगूळ आणि सुपात हरभरे ठेवते. सगळ्यांनी मुठी भरून खायचे, जुलेखानेही. ह्या वर्षी चहा. सासूबाई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, तिला त्या कपात देऊ नकोस, बायकांमध्ये बोलणं होईल. मी म्हटलं, मग कशात देऊ? त्या म्हणाल्या, दे कशातही.

खरं तर कप नव्हते तेव्हा हा प्रश्नच नव्हता! अठरा वर्षांत कधी पडला नव्हता. मी घाईत होते, बाहेर रंगूबाईसारखी तिखट जिभेची बाई बसलेली. मला एकदम सुचलं, जुलेखाची वाटी आहे की कपाटात! तिची स्वतःची. तिला परकंही वाटणार नाही. मला वाटलं, किती हुशारीने निभावलं मी. वाटीत चहा ओतला आणि नेऊन दिला.

तिने वाटीकडे बघितलं. मग आजूबाजूच्या बायकांच्या हातांतल्या सोनेरी कपांकडे. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. चहा प्याली, सगळा. ओट्याच्या कडेला तांब्यातल्या पाण्याने वाटी स्वतः धुतली. पदराने पुसली. टोपलीत ठेवली. आणि उरलेल्या बायकांना बांगड्या भरून, नमस्कार करून, गेली.

कपाट बघितलं नाही तिने. आणि वाटी रिकामी गेली. माझ्या दारातून तिची वाटी पहिल्यांदा रिकामी गेली. तिळगुळाचा डबा माझ्या हाताशी होता गं!

शुक्रवार, ३१ जानेवारी

जायला हवं. दोन पावलांवर तर दार. काल निघाले तर हे कोणाला तरी घेऊन आले. आज निघाले तर चौकट बसवायला सुतार आला, त्याच्या हातोड्याने काचा हादरत होत्या, तिथेच हात धरून उभी राहिले.

ही कारणं आहेत. मला लाज वाटते हे खरं आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सिंधूच्या हातून कप फुटला. मी तिला मारलं.

लग्नाला तीन महिने राहिलेली पोर, तिच्यावर हात टाकला मी, एका कपापायी. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. म्हणाली, "आई, पूर्वी तू अशी नव्हतीस." नंतर मीच मोरीवर बसून रडले. आता अकरा कप, बारा बशा. ती एकटी बशी डोळ्यांत खुपते. ती फोडून टाकावी असंही मनात येऊन गेलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जुलेखा आली नाही. वीस दिवस झाले. पूर्वी खिडकीत दिवसातून वीस वेळा दिसायची.

रंगूबाईने विचारलंच, मणियारीण रागावली वाटतं तुमच्यावर? मी म्हटलं, छे, तिची आई आजारी आहे. हे काही खोटं नाही.

गुरुवार, ५ मार्च

बकरी ईद. वाटलं होतं, आज तरी काही येईल, किंवा मीच जाईन. मी गूळ-खोबरं घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. आत पाहुण्यांचा आवाज. परत फिरले. तिच्यासमोर उभं राहून बोलायचं काय? की बाई, तुझ्याच भांड्यात तुला वेगळं बसवलं, आणि मला ते चांगलं वाटलं?

सासूबाई जेवताना म्हणाल्या, ती भवानी हल्ली कोंबड्या सोडत नाही वाटतं. मी म्हटलं, सोडत असेल, तुम्हांला दिसत नाही. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, आज वार कोणता? मागच्या खोलीत त्यांना दिवस चढलेला कळत नाही. मला वाटायचं, कपाच्या वेळी त्या तसं बोलल्या म्हणून त्यांना जुलेखाचं काही नाही. असं नाहीये. त्यांनाही चुकल्यासारखं होतंय, पण आता त्यांनी ते कबूल कसं करावं?

रविवार, १५ मार्च

ह्यांनी टेबल आणलं. खुर्च्यांपुढे टेबल नाही तर बरं दिसत नाही म्हणे. घरात आता चालताना अंग चोरावं लागतं. सिंधू म्हणाली, आपण कपाटाकडे राहायला आलोय का? हे हसले. मग जरा वेळाने म्हणाले, लहानपणी लोकांचे कपडे द्यायला बापाबरोबर जायचो, आम्हांला दारातच उभं करायचे. आत असली कपाटं दिसायची.

एवढंच बोलून मशीनवर बसले. राहू दे ते कपाट.

मंगळवार, ३१ मार्च

आज धीर करून सिंधूला पाठवलं. म्हटलं, जुलेखामावशीला विचार, चुड्याचं कसं करायचं.

सिंधू दारातूनच परत आली. जुलेखाने तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, पण आत ये म्हणाली नाही. निरोप दिला तो असा: "आईला म्हणावं, माझ्या बाजूने मी केलं. दोन महिने झाले. आता तिने हात पुढे करायचा. तिला नको असेल तर तसं सांगावं, मला राग नाही."

मी केलं म्हणजे काय केलं तिने? वाटी घेऊन निघून गेली, हेच ना? आणि हात मी पुढे करायचा? म्हणजे मी जाऊन पाया पडायचं? वर राग नाही म्हणते! मला आज पहिल्यांदा तिचा राग आला. चूक माझी होती, मान्य. पण अठरा वर्षांत तिनेही मला चार वेळा दुखावलंच की. मी काही दोन दोन महिने तोंड फिरवून बसले नाही.

जाणार होते. आता नाही जात.

रविवार, ५ एप्रिल

राग उतरला. पण जाण्याची वेळही गेल्यासारखी वाटते. लग्नाच्या सामानाच्या गडबडीत दिवस कुठे जातात कळत नाही, आणि रोज कोणीतरी कपाट बघायला येतंच.

रविवार, १९ एप्रिल

सिन्नरहून सिंधूच्या सासरची मंडळी शेवटची बोलणी करायला आली. अकरा जण. अकरा कप! देवाने मोजूनच पाठवले. चहा झाला, साखर झाली. व्याही उठून कपाटापुढे उभे राहिले. काचेवर बोट फिरवलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, मुलीबरोबर हे कपाट आलं तर आमच्या घराला शोभा येईल.

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक क्षण चेहरा पडला, पण लगेच म्हणाले, तुमचंच आहे. असे म्हणाले की जणू पहिल्यापासून त्यांच्या मनात तेच होतं.

मंडळी गेल्यावर खुर्चीवर बसून राहिले कपाटाकडे बघत. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तीन महिने तरी आपल्याकडे राहिलं की." मला ह्यांची एवढी दया कधी आली नव्हती.

आणि माझ्या मनात काय? सुटले, असं. आणि लगेच भीती. हे आता सिंधूच्या घरी जाणार. तिथली चौकट निघणार, तिच्या सासूचं अंथरूण हलणार. काच पुसायला कोणाला सांगतील? माझ्याच पोरीला.

शनिवार, २ मे

उद्या चुडा. सिंधू हट्ट धरून बसली आहे, जुलेखामावशीच हवी. मी म्हटलं, ती येत नाही. "तू बोलावलंस का?" म्हणाली. मी निरोप पाठवला होता ना! "निरोप नाही, तू बोलावलंस का?"

पोरगी बापासारखी थोडं बोलते आणि नेमकं बोलते. पदर घेतला आणि गेले. खरंच गेले. दाराला कुलूप! पलीकडच्या घरी सांगितलं, पहाटेच मालेगावला गेली, आई फार आजारी. बुधवारी वगैरे येईल.

काल गेले असते तर होती.

रविवार, ३ मे

दहीपुलाकडचा मणियार आला. चांगला माणूस, पण घाईत होता, आज त्याला आणखी तीन घरं होती. तिसरी बांगडी चढवताना वाढली आणि काच सिंधूच्या मनगटात रुतली. थेंबभर रक्त. चुड्याच्या वेळी! सासूबाई पुढे झाल्या, हळद दाबली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "जुलेखा असती तर असं झालं नसतं." आणि त्यांना रडू आलं. मी त्यांना रडताना फक्त मामंजी गेले तेव्हा पाहिलं होतं.

चुड्याचा रंगही कसलासा. हिरवा आहे, पण मळकट.

सोमवार, ४ मे

लग्न लागलं. सिंधू निघाली. फार लिहवत नाही.

निघताना माझ्या कानाशी म्हणाली, "जुलेखामावशीला मी विचारलंय म्हणून सांग. आणि तूच सांग, निरोप नको."

बुधवार, ६ मे

सिन्नरहून गाडी आली. पुन्हा सुतार, पुन्हा चौकट. ह्यांनी स्वतः काचांवर गोधड्या बांधल्या, टाके घातल्यासारख्या नीट. कपाट गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत मागे मागे चालत गेले. मग परत येऊन आईचं अंथरूण उचललं आणि पूर्वीच्या जागी घातलं. मी काही सांगितलं नव्हतं.

भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय. खिडकीच्या कडीला जाळी धरली आहे. आज हात अगदी गळून गेलेत, ती उद्या उघडेन.

गुरुवार, ७ मे

खिडकी उघडली. बाहेरच्या कठड्यावर जुलेखाची वाटी होती.

निळ्या फुलांची. आत चार हिरव्या बांगड्या, सिंधूच्या मापाच्या. चुड्याचा नमुना. असा हिरवा रंग मी पाहिला नव्हता. वर बोटभर धूळ. हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवली असणार तिने. नेहमीसारखी हात लांब करून, वाटी भरून. कपाट कुठे ठेवलंय ते मी तिला सांगितलंच नव्हतं! तिला नुसती लावलेली खिडकी दिसत होती, आणि मी न उचललेली वाटी. तीन महिने, रोज, समोरून.

समोरची खिडकी उघडी आहे. ती मालेगावहून आली आहे, आत भांडी वाजतात. तिची आई गेली, असं सकाळीच कळलं.

वाटी घासली. पुसली. आईची वाटी आहे तिच्या, आजच द्यायला हवी, माझ्या हाताने. रिकामी द्यायची नाही. पण आता तीत घालू तरी काय?